माळवा आणि माळवे



ज्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, ते आम्हांला विज्ञान शिकवीत. परंतु त्यांचा खरा वर्ग भरे तो शाळेच्या मागील अंगणातील बागेत. शनिवारी शाळा सुटली की आम्ही आठ-दहा मुले तेथे जमत असू. मेथी, मुळा, वांगी, कधी थोडे बटाटे असा तो मामुली संसार होता. सरांनी त्या बागेची एक वही ठेवली होती व ती लिहिण्याचे काम पाळीपाळीने आम्हां मुलांकडे असे. वहीत दोन रकाने होते. पहिल्याचे नाव ‘निघाले’ आणि दुसऱ्याचे ‘लागी लागले’. किती भाजी निघाली हे पहिल्यात लिहावयाचे; त्यातली किती कोणाच्या घरी शिजली, किती विकली गेली, हे दुसऱ्यात. दोन आकड्यांत अंतर पडले की सर विचारीत, “मधली कोठे गेली?” एका आठवड्यात मुळे भरपूर निघाले म्हणून आम्ही मोठ्या ऐटीत वही पुढे केली. सरांनी दुसरा रकाना पाहिला. अर्धे मुळे कोपऱ्यात पडून जून झाले होते. ते रागावले नाहीत. “मग हे पीक तुम्ही कोणासाठी काढले?” एवढेच म्हणाले.

पुढे माझे सारे आयुष्य कृषिविस्ताराच्या कामात गेले. तीस-बत्तीस वर्षे मी माळव्याच्या गावोगावी हिंडलो, शेतकऱ्यांना नव्या जाती, नवी खते, नव्या पद्धती सांगत राहिलो. आमच्या प्रदेशात फळे व भाजीपाल्याची शेती कशी वाढली, याविषयी आज चार शब्द बोलावे असे ठरविले तेव्हा मला सरांची ती वहीच प्रथम आठवली. या वाढीचा पहिला रकाना आपण फार अभिमानाने भरला आहे; दुसरा बराचसा कोरा आहे. आजच्या व्याख्यानाचा आशय एवढाच आहे. तो मी उदाहरणांनी मांडू इच्छितो.

व्याख्यानाच्या शीर्षकाविषयी एक खुलासा करतो. आमचे घराणे होळकरशाहीत इकडे आले, पण नात्यागोत्याची एक शाखा सोलापूरकडे राहिली. लहानपणी तिकडची आत्या आली की मंडईतून ‘माळवं’ आणावयास सांगे, आणि आम्ही इंदूरची मुले हसत असू, कारण आमच्या लेखी माळवा हा प्रांत होता. सोलापूर-कोल्हापूरकडच्या बोलीत माळवे म्हणजे भाजीपाला. या दोन शब्दांचे मूळ एक आहे, असे मी म्हणत नाही. तो भाषापंडितांचा प्रांत आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत माळवा हा माळव्याचाच प्रदेश झाला, ही गोष्ट मात्र खरी.

जमीन आणि जुनी पिके

माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे ते सहाशे मीटर उंचीवर आहे. ज्या लाव्हारसाच्या थरांनी महाराष्ट्राचे पठार घडले, त्याच थरांचा हा उत्तरेकडील भाग होय. त्यामुळे येथील जमीन आपल्या विदर्भ-खानदेशासारखीच काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी आहे. पावसाळ्यात ती इतकी चिकट होते की औत घालणे कठीण. म्हणून जुना शेतकरी पुष्कळशी जमीन पावसाळ्यात मोकळी ठेवी, तिच्यात पाऊस मुरू देई, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू व हरभरा काढी. बागायत होती ती विहिरीपुरती. तिच्यात अफूला मान होता. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू चीनपर्यंत जात असे. अफूचे पीक लहान लहान वाफ्यांत, मोजून पाणी देऊन, मजूर लावून काढावे लागते. मंदसौर-नीमचकडील शेतकऱ्यांच्या हाताला ती सवय पिढ्यान्‌पिढ्या होती. आज त्याच भागात लसूण एवढा फोफावला याचे एक कारण मला या जुन्या वाफ्यांत दिसते, कारण लसणालाही तीच वाफ्यांची, वेळच्या वेळी पाण्याची आणि मजुरांची शेती लागते.

इंदुरातील एक प्रयोग

येथे आपल्या शहराच्या एका अभिमानास्पद गोष्टीची आठवण देणे मी कर्तव्य समजतो. १९२४ साली इंदूर येथे वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड. त्यापूर्वी ते बिहारातील पुसा येथे संशोधन करीत होते. संस्थेचे मुख्य काम कापसावर होते, पण हॉवर्ड यांचे लक्ष जमिनीच्या कसाकडे लागले. शेतातील काडीकचरा, गोठ्यातले शेण, मूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख ही थराथराने खड्ड्यात रचावयाची, ओल राखावयाची, तीन वेळा उलथापालथ करावयाची, की सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार होते, ही पद्धती येथे सिद्ध झाली. तिचे वर्णन करणारा ग्रंथ १९३१ साली निघाला, आणि हॉवर्ड यांच्या बरोबरीने त्याचे लेखक होते यशवंत वाड हे रसायनशास्त्रज्ञ. जगभर सेंद्रिय शेतीची मंडळी जिला ‘इंदूर पद्धती’ म्हणतात ती हीच. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरास आले तेव्हा त्यांनीही हे काम आवर्जून पाहिले.

आमच्या शाळेच्या बागेतला खड्डा हा त्याच पद्धतीचा होता, हे मला फार पुढे कळले. सर कधी हॉवर्ड आणि वाड यांची नावे घेत, पण आम्हांला त्या वयात खड्ड्याचा वासच अधिक लक्षात राही. आज सांगावेसे वाटते ते हे की, या शहरातून शेतीविषयी जगाला गेलेली पहिली शिकवण उत्पादनाविषयी नव्हती. जमिनीतून जे निघाले ते जमिनीत परत कसे जावे, याविषयी ती होती. म्हणजे ती दुसऱ्या रकान्याचीच शिकवण होती.

वाढ कशी झाली

आता वाढीकडे येऊ. प्रथम देशाचा हिशेब पाहावा. १९९१-९२ साली भारतात फळे, भाज्या, मसाले, फुले आदी बागायती पिकांचे उत्पादन सुमारे साडेनऊ ते दहा कोटी टन होते. २०१२-१३ साली ते सुमारे २७ कोटी टनांवर गेले आणि त्या वर्षी त्याने अन्नधान्याच्या उत्पादनास मागे टाकले. २०२३-२४ साली ते ३५ कोटी टनांच्या आसपास पोहोचले. धान्याच्या तुटवड्यात वाढलेल्या माझ्या पिढीला बागायती माल धान्याहून अधिक पिकतो हे वाक्य अजूनही नवल वाटते. २००५-०६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बागायती अभियानाचा या वाढीत वाटा आहे. पण प्रत्येक प्रदेशाची वाढ तेथल्या मातीच्या आणि माणसांच्या कारणांनी झालेली असते. माळव्याची कारणे मला तीन दिसतात.

पहिले कारण सोयाबीन. १९७० नंतरच्या दशकात हे पीक येथे पसरले आणि पावसाळ्यात मोकळी राहणारी जमीन भरून गेली. सोयाबीन ही भाजी नव्हे, मग तिचा येथे संबंध काय? संबंध वेळेचा आहे. पुढे सोयाबीनच्या लवकर तयार होणाऱ्या जाती आल्या. ‘जे.एस. ९५-६०’ सारखी जात पंचाऐंशी-नव्वद दिवसांत निघते. जूनअखेर पेरलेले पीक सप्टेंबर संपता संपता काढून झाले की ऑक्टोबरात बटाटा वा लसूण लावता येतो. बटाटा लवकर काढला तर त्यावर उशिराचा गहू किंवा कांदा घेणारेही शेतकरी आहेत. दुसरे कारण विजेचा पंप आणि नलिकाकूप, ज्याला आपण येथे बोअर म्हणतो. तिसरे कारण रस्ते व बाजार. इंदुरातील देवी अहिल्याबाई होळकर फळ व भाजी मंडी, जिला सारे चोइथराम मंडी म्हणतात, ती कांदा, बटाटा व लसूण यांची मोठी बाजारपेठ बनली. इंदूर देशाच्या मध्यावर असल्याने येथला माल दक्षिणेस मुंबई-हैदराबादकडे आणि उत्तरेस दिल्लीकडे सारख्याच सोयीने जातो.

बटाट्याची गोडी

या वाढीत केवळ मात्रा नव्हती, गुणही होता. त्याचे सुरेख उदाहरण बटाटा. बटाट्याचे कंद धरावयास रात्री थंड लागतात. पारा वीस अंशांच्या वर राहिला तर पाला वाढतो आणि कंद रुसतात. माळव्याच्या रात्री थंडाव्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. पण त्या उत्तरेच्या मैदानासारख्या गोठविणाऱ्या नाहीत, आणि नेमके हेच पथ्यावर पडते. फार थंडीत बटाट्यातील पिष्टाची साखर होऊ लागते. असा बटाटा तळला की त्याचे वेफर तपकिरी आणि कडवट होतात. माळव्याच्या बटाट्यात साखर कमी आणि घन अंश अधिक, म्हणून वेफर करणाऱ्यांची त्याला मागणी असते. १९७२ साली पठारी प्रदेशांसाठी ‘कुफरी लवकर’ ही जात प्रसारित झाली. लवकर येणाऱ्या या बटाट्याचे नाव आपल्या भाषेतले आहे, हे मी शेतकऱ्यांना सांगे तेव्हा त्यांना मौज वाटे. १९९८ साली खास वेफरांसाठी ‘चिपसोना’ जाती आल्या.

पण येथेच दुसरा रकाना डोके वर काढतो. शेतात थंडी बेताची असली तरी पीक साठवावयाचे ते शीतगृहात. भाजीचा बटाटा दोन ते चार अंशांवर ठेवतात, आणि त्या थंडीत त्याची साखर होते. वेफरचा बटाटा दहा-बारा अंशांवर ठेवावा लागतो आणि मग त्याला मोड येऊ नयेत म्हणून वेगळी योजना करावी लागते. म्हणजे ज्या गुणासाठी हा बटाटा नावाजला, तो गुण टिकवावयास निराळ्या शीतगृहाची जागा हवी. ती ज्याला मिळाली नाही त्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळ्यांचाच माल बाजारात आला असता, मिळेल त्या भावाने विकावे. शिवाय हेक्टरी पंचवीस-तीस क्विंटल बेणे लागते. ते चांगले हवे तर ज्या प्रदेशात मावा किडीचा उपद्रव कमी तेथले हवे, म्हणून पुष्कळांचे बेणे पंजाबातून वा आग्र्याकडून येते. पीक आमचे असले तरी त्याची सुरुवात आणि शेवट, बेणे आणि साठवण, ही दोन्ही टोके अनेकदा शेतकऱ्याच्या हाती नसतात.

लसणाची गोष्ट

आता जी गोष्ट सांगतो ती सांगावयास मला संकोच वाटतो. परंतु स्मृतिव्याख्यानात वक्त्याने केवळ दुसऱ्यांच्या चुका सांगणे उचित नव्हे.

लसणाच्या उत्पादनात मध्य प्रदेश देशात अग्रेसर आहे. देशातील निम्म्याहून अधिक लसूण या एका राज्यात पिकतो आणि त्यातला मोठा भाग मंदसौर, नीमच, रतलाम या पट्ट्यातला. रतलाम जिल्ह्यातील रियावनच्या लसणास २०२४ साली भौगोलिक निर्देशांकाचे मानांकनही मिळाले. या पट्ट्यातला एक शेतकरी माझा जुना परिचित. नोकरीत असताना मी त्याला वाफ्यांऐवजी गादीवर लावण आणि ठिबक शिकविले होते. निवृत्तीनंतरही तो मला विचारल्याशिवाय मोठा निर्णय घेत नसे. २०२१ च्या पावसाळ्याअखेर तो घरी आला. तीन बिघे लसूण लावीत होता, तो आठ बिघे लावावा काय, असे त्याने विचारले. मागील दोन-तीन वर्षांचे भाव चांगले होते. त्याची जमीन मला ठाऊक होती, पाणी ठाऊक होते. मी म्हणालो, “लाव.”

पीक उत्तम आले. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने काढलेला लसूण मी पाहिला आहे. दृष्ट लागावी असा होता. पण ज्या कारणाने मी ‘लाव’ म्हणालो, त्याच कारणाने हजारोंनी लावला होता. भाव घसरत गेला. त्याने पावसाळ्यापर्यंत माल धरून ठेवला. ऑगस्टात हलक्या प्रतीच्या लसणाला मंडीत किलोमागे एखाद-दुसरा रुपया मिळू लागला. गाडीभाडेही निघेना म्हणून शेतकऱ्यांनी लसूण नदीत ओतल्याची चित्रे त्या दिवसांत वर्तमानपत्रांत आली होती. माझ्या परिचिताने नदीत ओतला नाही, उकिरड्यावर टाकला. मी भेटावयास गेलो तेव्हा तो मला बोलला नाही, चहा दिला. निघताना मात्र म्हणाला, “साहेब, पीक कसे काढावे ते तुम्ही सारे शिकविले. किती जण तेच लावताहेत, हे कोणाला विचारायचे असते?”

मला उत्तर देता आले नाही. कारण ही गोष्ट मी स्वतः कधी विचारली नव्हती.

याच्या पुढचा भाग अधिक शिकविणारा आहे. पोळलेल्या शेतकऱ्यांनी त्या हिवाळ्यात लसणाचे क्षेत्र कमी केले. माझा परिचित एका बिघ्यावर आला. माल कमी झाला तसा भाव चढू लागला, आणि २०२३-२४ च्या हिवाळ्यात शहरांत लसूण किलोला तीनशे-चारशे रुपयांना विकला गेला. भाव आला तेव्हा त्याच्याजवळ माल नव्हता. आणि पुन्हा क्षेत्र वाढवावे तर लसणाचे बेणे म्हणजे लसूणच. हेक्टरी सुमारे पाच क्विंटल पाकळ्या लागतात. म्हणजे बाजारभाव चढला की बेण्याचा भावही चढतो. जो शेतकरी तेजी पाहून लावतो तो महाग बेणे विकत घेऊन लावतो, आणि त्याचे पीक निघते ते कदाचित पुढल्या मंदीत. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात. प्रत्येक जण गतवर्षीच्या भावाकडे पाहून पेरतो, सारे एकदम तिकडे वळतात, भाव पडतो, सारे एकदम माघारी फिरतात, भाव चढतो. एकट्याचा निर्णय शहाणपणाचा असतो आणि सर्वांचा मिळून मूर्खपणाचा ठरतो.

मौजेची गोष्ट अशी की या लसणाला भाजी म्हणावे की मसाला, हाच प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयात होता. मसाला म्हटला तर तो एका बाजारात, एका रीतीने विकावयाचा. भाजी म्हटली तर दुसऱ्या. शेवटी २०२४ साली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने लसूण ही नाशवंत भाजी मानली आणि तो दोन्ही बाजारांत विकण्याची मुभा राहिली. पिकाची वाढ किती वेगाने झाली आणि व्यवस्था किती मागे राहिली, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

कांदा

कांद्याची कथा हीच, फक्त अधिक दुःखद. रब्बी कांदा चांगल्या हवेशीर चाळीत चार-सहा महिने टिकतो, पण साध्या खोलीत रचला तर त्यातला तिसरा हिस्सा किंवा अधिकही सुकून, कुजून वा मोड येऊन जातो. माळव्याचा रब्बी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि नाशिक जिल्ह्याचा रब्बी कांदाही त्याच सुमारास. आपल्या बंधूंशी आपलीच स्पर्धा. २०१६ साली भाव कोसळला तेव्हा राज्य सरकारने किलोला ६ रुपयांनी आणि २०१७ साली ८ रुपयांनी कांदा खरेदी केला. पण खरेदी केलेला माल ठेवावयाचा कोठे? जूनचा पाऊस आला आणि उघड्यावरचे कांद्याचे ढीग कुजले. त्याच जून महिन्यात, शेतमालाच्या भावासाठी चाललेल्या आंदोलनात मंदसौर जिल्ह्यात गोळीबार होऊन शेतकरी मृत्युमुखी पडले. भरघोस पिकाच्या वर्षी हे घडले, दुष्काळाच्या नव्हे, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

ग्राहकास महाग आणि शेतकऱ्यास स्वस्त, हे कसे होते? रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे ग्राहक जो रुपया देतो त्यातून शेतकऱ्यास टोमॅटोत सुमारे ३३, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे पोहोचतात. उरलेले सारे दलालाच्या खिशात जातात असे समजणे अन्यायाचे होईल. त्यात गाडीभाडे आहे, हमाली आहे, तूट आहे, नासाडी आहे. परंतु धोका मात्र बहुतांशी शंभर टक्के शेतकऱ्याचा असतो.

फळांची गत थोडी निराळी आहे. आगर, शाजापूर, राजगढ या भागांत नागपुरी संत्र्याच्या बागा पुष्कळ झाल्या आहेत. संत्र्याचे झाड लावल्यावर चार-पाच वर्षे फळाची वाट पाहावी लागते, म्हणून लसणासारखी दर हिवाळ्याची उडी त्यात नाही. पण चूक झाली तर तीही पाच वर्षांनी कळते, आणि ज्या वर्षी विहीर आटली त्या वर्षी पंधरा वर्षांची बाग डोळ्यांदेखत वाळते. तेव्हा फळबागेचा विचार पाण्यापाशीच येऊन थांबतो.

पाणी : ज्याचा रकानाच नव्हता

पावलोपावली पाणी सापडणारा प्रदेश, अशी माळव्याची जुनी ख्याती. ती विहिरींची ख्याती होती. येथला खडक काळा पाषाण आहे. पाणी राहते ते त्याच्या वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत. घन पाषाणात ते मुरत नाही. असा थर पूर्ण भिजला तरी त्याच्या आकारमानाच्या शेकडा एक ते तीन भाग एवढेच पाणी उपसता येते. त्यामुळे बोअर दुप्पट खोल नेली म्हणून पाणी दुप्पट मिळत नाही. बहुधा शेजाऱ्याचेच लवकर मिळते. ओलीवर येणारा जुना गहू पाणी मागत नसे. लसूण आठ-दहा दिवसांनी मागतो. आपण पिके बदलली, पण खडक बदलला नाही. १९९० साली देवास शहरास आगगाडीने पाणी आणावे लागले, हे येथील अनेकांना आठवत असेल.

त्याच देवास जिल्ह्यात २००६ नंतर जे घडले तेही सांगावयास हवे. तेथे तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांना एक साधा हिशेब पटवून दिला. बोअरवर केलेला खर्च बुडतो. जमिनीचा एक लहान हिस्सा सोडून त्यात तलाव खणला तर पावसाचे पाणी आपले राहते. टोंकखुर्दच्या बाजूस शेतकऱ्यांनी स्वखर्चाने व कर्जाने तळी खणली. पुढे राज्य सरकारची बलराम तलाव योजना आली आणि जिल्ह्यात अशी हजारो तळी झाली. मी ती पाहिली आहेत. तळे डोळ्यांना दिसते, त्यामुळे डिसेंबरात शेतकरी त्याच्या काठावर उभा राहून या पाण्यात किती बिघे भिजतील हे सांगू शकतो. बोअरचे पाणी दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेबही होत नाही. तळ्याने पाणी तर दिलेच. पण मला त्याचे मोल वाटते ते त्याने शेतकऱ्याला मोजावयास लावले म्हणून.

दुसरा रकाना कसा भरावा

मग करावे काय? वाढ थांबवावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ज्या घरात आठवड्यातून एकदा हिरवी भाजी दिसे त्या घरांत ती रोज शिजू लागली, हे या वाढीचे पुण्य आहे. मी केवळ चार गोष्टी सुचवितो.

एक, पेरणीपूर्वी लागवडीची माहिती मिळावी. आज क्षेत्राचे आकडे प्रसिद्ध होतात ते बहुधा पीक निघावयाच्या बेतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बेण्याच्या विक्रीवरून आणि गावोगावच्या नोंदींवरून, या तालुक्यात लसूण दीडपट लागतो आहे, एवढा इशारा जरी दर आठवड्यास शेतकऱ्याच्या हाती पोहोचला तरी अर्धे काम होईल. आमच्या विस्तारसेवकांनी ‘कसे लावावे’ याच्या जोडीला ‘किती लागले’ हेही सांगावे. मी ते केले नाही, म्हणून हे पहिले.

दोन, साठवण शेताजवळ हवी. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा व बटाटा यांच्यासाठी ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना ५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने जाहीर झाली. हेतू योग्यच होता. पण दूरच्या मोठ्या शीतगृहाइतकीच गावातल्या हवेशीर कांदाचाळीची गरज आहे. नाशिककडचे शेतकरी तिच्या आधारे महिना-दोन महिने थांबू शकतात. भाजीपाल्याच्या शेतकऱ्याला पैशाइतकीच थांबण्याची ताकद लागते.

तीन, सर्व जमीन एका पिकाखाली नको. माझ्या परिचिताने तीनाचे आठ बिघे केले नसते, तर मंदीने त्याला चिमटा काढला असता. पाठ मोडली नसती.

चार, मंडीचा कचरा शेतात परत जावा. या बाबतीत इंदूरने पुन्हा एकदा वाट दाखविली आहे. चोइथराम मंडीतील टाकाऊ भाजीपाल्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प आधी झाला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडिया येथे रोज ५५० टन ओला कचरा घेणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यातून वाहनांसाठी गॅस निघतो व खत निघते. हॉवर्ड आणि वाड यांचे खड्डे जेथे होते त्याच शहरात हे घडावे, याचा मला आनंद आहे. पण आनंदात एक गोष्ट विसरू नये. कुजलेल्या भाजीचे खत करणे हा शेवटचा उपाय आहे. शेतकऱ्याने घाम गाळून पिकविलेली भाजी आधी ताटात पोहोचावी, आणि देठ-साली तेवढ्या खड्ड्यात जाव्यात.

समारोप करतो. गेल्या वर्षी मी त्या परिचिताच्या गावी पुन्हा गेलो होतो. त्याने आता चार बिघे लसूण, तीन बिघे गहू, थोडी मेथी आणि बांधावर संत्र्याची काही झाडे अशी वाटणी केली आहे. घराच्या ओसरीवर खुंटीला एक वही टांगलेली होती. त्याच्या मुलीच्या अक्षरात तीत आसपासच्या दहा-बारा गावांतील लागवडीच्या नोंदी होत्या. ती बेणे विकणाऱ्या दुकानदारांना आणि नातेवाइकांना फोन करून त्या गोळा करते. मी पाने चाळली आणि तिला एकच गोष्ट सुचविली, की निघालेल्या मालाशेजारी विकल्या गेलेल्या मालाचाही एक रकाना आख. तिने त्याचे नाव काय ठेवू असे विचारले. माळवीत त्यासाठी नेमका शब्द मला सापडेना, म्हणून मी सरांचाच शब्द सांगितला, आणि तिने तो आहे तसा लिहून घेतला.

त्या शब्दाचे ऋण या शाळेचे आहे.